विश्वास ठेवला, पण मी बदललो का?

प्रभू येशूवर विश्वास ठेवून वर्ष-दोन वर्षे झालेली माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. तो बायबलमधल्या एखाद्या अवघड वचनाबद्दल नसतो. "मी रोज प्रार्थना करतो, रविवारी उपासनेला जातो. पण माझा राग होता तसाच आहे, खोटं बोलणंही सुटलेलं नाही. मग माझा विश्वास खरा की नुसता देखावा?"

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये हा प्रश्न हिंदीतून येतो तसा मराठीतूनही येतो. लष्कर भागातली जुनी घरे सोडून इकडच्या इमारतींत राहायला आलेली मराठी कुटुंबे, बदलीवर आलेले नोकरदार, जिवाजी विद्यापीठात शिकणारी किंवा खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले, यांपैकी कोणाच्याही मनात तो असू शकतो. ख्रिस्ती श्रद्धा या शहराला नवी नाही. जयविलास महाल उभारणारे मायकेल फिलोस कॅथलिक होते आणि मुरारला ब्रिटिशांची छावणी होती. पण इथे आपल्याला बोलायचे आहे ते एका माणसाच्या आयुष्याबद्दल, ज्याने विश्वास ठेवला आहे आणि जो स्वतःमध्ये बदल शोधतो आहे.

अशा माणसाला मी सांगते की तुमचा विश्वास खोटा नाही, तो अजून कामाला लागलेला नाही. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी येशूने दोन घरे बांधणाऱ्यांचा दाखला दिला आहे. वचन दोघांनीही ऐकलेले असते. एकाने ऐकल्याप्रमाणे केले, दुसऱ्याने केले नाही, एवढाच काय तो फरक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू याहून पुढे जातो. देवाच्या इच्छेप्रमाणे वागायची ज्याची तयारी आहे, त्यालाच ही शिकवण देवाकडची आहे की नाही हे कळेल, असे तो म्हणतो. आपण नेमके उलटे करतो. सगळ्या शंका फिटल्या, मनाला पुरती शांती मिळाली की मग वागणे सुधारू, असे ठरवून थांबून राहतो. त्या थांबण्यात वर्षे निघून जातात.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आई-वडील १८७४ साली उपासमारीत गेले, पुढे बहीणही गेली. भावाबरोबर पायी देशभर हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. पुढे लग्न झाले, मुलगी झाली आणि दोन वर्षांतच वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा मठातल्या भगिनी मायेने करत होत्या. हे कशासाठी करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. येशू विहिरीकाठी जिच्याशी बोलला, ती ही स्त्री. वादविवादात कोणाला हार न जाणाऱ्या या विदुषीचे मन एका कृतीने जिंकले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली, तिच्यात त्या स्वतःबद्दल कठोर आहेत. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी नमूद केले आहे. या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, अमेरिका पालथी घातली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. आजच्या भाषेत त्या यशस्वी ख्रिस्ती कार्यकर्त्या होत्या. तरी आत काहीतरी रिकामे होते. मग विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा मनुष्य धर्मोपदेशक असूनही एकदा स्वतःचेच प्रवचन करता करता बदलला होता. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासले. आपल्या बुद्धीचा, पुण्याईचा, कामाचा भरवसा सोडून त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केले.

म्हणून दोन वर्षांत बदल दिसत नाही या कारणाने घाबरू नका. मात्र नाव, विधी आणि कामाची धावपळ हाच बदल आहे, असेही समजू नका.

आता हाताशी असलेल्या कामाकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन अध्याय आठवडाभर रोज वाचा. रात्री झोपताना वाचून ते उतरत नाहीत, म्हणून सकाळी, फोन हातात घेण्याआधी वाचा. ग्वाल्हेरमध्ये उपासना बहुतेक हिंदीत होते. तिथे जरूर जा, पण घरी मराठीतून वाचा आणि मराठीतूनच प्रार्थना करा. ज्या भाषेत आपण आईशी भांडतो आणि चुकलो असे म्हणतो, त्या भाषेत देवापुढे लपवाछपवी करता येत नाही. वाचताना जिथे मन अडखळेल, जिथे "हे आजच्या काळात शक्य नाही" असे वाटेल, तिथे थांबा. बहुधा तीच तुमच्यासाठी आलेली आज्ञा असते. ती एकच घ्या. दहा घेतल्या की एकही पाळली जात नाही.

अनेकांचे पाऊल पाचव्या अध्यायातल्या त्या सूचनेपाशी अडखळते. वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहात आणि भावाचे तुमच्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. इथे चूक कोणाची हे येशू विचारत नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून चार वर्षे भावाशी बोलणे बंद असेल, तर पहिला फोन तुम्ही करायचा. वाटणीचा दावा सोडून द्या असे मी म्हणत नाही, तो प्रश्न कागदपत्रांनी सुटेल. पण शिवी दिली असेल, आईच्या आजारपणात मुद्दाम गेलो नसू, तर तेवढ्यापुरती माफी मागायला कागदपत्रे लागत नाहीत. माफी मागताना "तूही मला असं बोलला होतास" हे पुढचे वाक्य गिळा. समोरचा फोन ठेवूनही देईल. त्याने ठेवला तरी तुमचे आज्ञापालन झालेले असते, आणि त्या रात्री प्रार्थनेला बसल्यावर फरक तुमच्या तुम्हालाच जाणवेल.

दुसरी जागा पैशाची. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय जकातदार होता. येशू त्याच्या घरी उतरायला आला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरवले आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. येशूने त्याला हिशेब विचारला नव्हता. तो त्याने आपणहून मांडला. सिटी सेंटरमध्ये राहणाऱ्या, कमावत्या माणसाला ही गोष्ट फार जवळची आहे. फ्लॅटच्या व्यवहारात कागदावर एक किंमत आणि हातात दुसरी, फाइल पुढे सरकवायला चहापाणी, न केलेल्या प्रवासाचे बिल, भाडेकरूची अडवून ठेवलेली अनामत. सुरुवात कागद-पेन घेऊन करा. ज्यांचे परत करता येईल त्यांची नावे लिहा आणि सर्वांत लहान रक्कम या महिन्यात परत करा. नोकरीत लाच नाकारणार असाल, तर त्याची किंमत मोजावी लागेल हे घरात आधी सांगा. बढती लांबेल, वरिष्ठ नाराज होतील. जोडीदाराला अंधारात ठेवून केलेला प्रामाणिकपणा घरात टिकत नाही.

तिसरी जागा स्वयंपाकघरातली आहे. त्याबद्दल उपासनेत फारसे बोलले जात नाही, म्हणून इथे थोडे थांबते. लक्ष्मीबाई टिळक ज्या घरात वाढल्या, तिथे वडिलांचे सोवळे इतके कडक होते की धान्यापासून मीठ-साखरेपर्यंत सगळे धुऊन घेतले जाई. 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीलाच त्यांनी हे वर्णन केले आहे. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यानंतर ताटातुटीची काही वर्षे गेली. मग त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्याआधी त्यांच्या मनात जातीचा प्रश्न सुटला होता. जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हे, हे एकदा पटले, तेव्हा कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. मतापाठोपाठ हातही बदलला.

आपल्या ओट्याखाली धुणंभांडी करणाऱ्या बाईसाठी वेगळा कप ठेवलेला आहे का, हे आज बघा. असेल तर तो काढून टाका. तिला आपल्याच कपात चहा द्या आणि आपण चहा पितो तिथेच तिला बसायला सांगा. ती संकोचेल, शेजारीण दोन शब्द बोलेल. मुलीसाठी किंवा मुलासाठी स्थळ बघताना "ख्रिस्तीच, पण आमच्याच जातीतलं" अशी अट घालणारी घरेही आहेत. प्रभूभोजनात एकाच भाकरीतून खाणाऱ्यांनी लग्नाच्या वेळी ही अट घालावी, याचे मला फार दुःख होते.

आता सावधगिरीची एक गोष्ट. आज्ञापालनाचा उपदेश पुष्कळदा माणसांच्या सोयीसाठी वापरला जातो. रमाबाईंनी हेही भोगले. वाँटेजच्या ज्या भगिनींनी त्यांना मायेने सांभाळले, त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे मोठा पत्रव्यवहार झाला. मंडळीच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे निमूट मान्य करावे अशी जेराल्डिन यांची अपेक्षा होती. पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे उत्तर रमाबाईंनी दिले. त्या उद्धट नव्हत्या. ख्रिस्ताची आज्ञा आणि ख्रिस्ताच्या नावाने दिलेली माणसाची आज्ञा यांतला भेद त्यांना कळत होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्रही धर्मसभेपुढे उभा राहून, माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे, असेच सांगतो.

तेव्हा कोणी पाळक किंवा प्रार्थनागट चालवणारा तुम्हाला औषध बंद करायला सांगत असेल, तर ऐकू नका. मधुमेहाची गोळी आणि प्रार्थना दोन्ही रोज घ्यायच्या असतात. दशांशाचा आकडा घरी येऊन विचारत असेल, आशीर्वादाचा दर सांगत असेल, मंडळीचा जमाखर्च सदस्यांपुढे ठेवत नसेल, तर दुसरी मंडळी शोधा. मार खाणाऱ्या बाईला "अधीन राहा" असे सांगणारा मनुष्य शास्त्र अर्धेच वाचतो. तिने आधी सुरक्षित जागी जावे, पोलिसांत तक्रार करावी. क्षमा नंतरही करता येते, दूर राहूनही करता येते.

व्यसनाबद्दलही हेच. दारू सोडायची म्हणून प्रार्थना करा, पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा आणि मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला रोज संध्याकाळी फोन करण्याचे ठरवा. एकच माणूस, पण तो पोटात गोष्ट ठेवणारा हवा. याकोब आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगतो, ते अशाच माणसाजवळ.

माणूस बदलला की त्याच्या घराचे दार किती उघडते, हे पाहावे. रमाबाईंना १८९१ नंतर जे लाभले, त्याची कसोटी पाच वर्षांनी लागली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. शारदा सदन तोवर पुण्यात स्थिरावले होते. मध्य प्रांतातल्या, म्हणजे आज आपल्या मध्य प्रदेशात असलेल्या मुलखातल्या बातम्या येऊ लागल्या. मदतछावण्यांत अनाथ मुली आणि तरुण विधवा एकट्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर वाईट माणसांचे लक्ष होते. आणखी मुली सांभाळण्याइतका पैसा रमाबाईंच्या हाती नव्हता. पण त्यांनी स्वतः उपासमार पाहिली होती, पोटात अन्न नसताना तरुण मुलीचे काय होते हे त्या जाणत होत्या. त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला, तेव्हा मुलींना केडगावच्या शेतावर आणावे लागले. आधी तात्पुरता आसरा, मग हळूहळू इमारती, असे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आलेल्या बायकांना नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना असे एकेक काम त्यांच्या हाती दिले. अंध बायकांनाही शिकवले.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, हा हेतू होता. छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. त्याआधी, १९०५ मध्ये, मुक्तीत मोठे आत्मिक संजीवन झाले होते. बायका रडून पापे कबूल करत होत्या, रात्ररात्र प्रार्थना चालल्या. त्याबद्दल लोक उत्साहाने बोलतात. माझे लक्ष मात्र छापखान्याकडे जाते. अश्रूंनंतर रोज सकाळी उठून खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे हे वर्षानुवर्षे चालू राहिले, यात मला पवित्र आत्म्याचे काम अधिक ठळक दिसते. तुमच्या वाट्याला दुष्काळ येणार नाही. शेजारच्या इमारतीतल्या एकट्या आजोबांना आठवड्यातून एकदा दवाखान्यात नेणे येईल, वॉचमनच्या मुलीला गणित शिकवणे येईल. ते वर्षभर न चुकता करा.

गणित शिकवताना मात्र तिला शुभवर्तमान गळी उतरवू नका. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, यावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी सक्ती केली नाही, मात्र प्रार्थना करताना दारही बंद करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्या सक्ती करत नव्हत्या यावर माझा विश्वास आहे. सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या. तरीही विरोधकांच्या म्हणण्यातले तथ्य नाकारू नये. जो आपल्या अन्नावर, पगारावर किंवा शिकवणीवर अवलंबून आहे, त्याला आपल्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून मोलकरीण, विद्यार्थी, रुग्ण, कर्जदार यांच्यापुढे आपली साक्ष वागणुकीनेच द्यावी. त्यांनी विचारले, तरच बोलावे.

कायदाही समजून घ्या. मध्य प्रदेशात १९६८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ पासून धार्मिक स्वातंत्र्याचा नवा कायदा आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, असे त्यात आहे. बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांना शिक्षा आहे. काही तरतुदींना न्यायालयात आव्हान दिलेले आहे, म्हणून सध्याची स्थिती वकिलाकडून जाणून घ्या. अनुसूचित जातीतल्या व्यक्तीने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. दाखला, नोकरी, शिष्यवृत्ती यांवर काय परिणाम होईल ते निर्णयाआधी घरच्यांसह बसून पाहा. सवलतीसाठी विश्वास लपवून दोन नावांनी जगणे मनाला पोखरते. आणि ज्याला अजून निर्णय घ्यायचा नाही, त्याने घाई करू नये. बायबल वाचायला आणि येशूच्या शिकवणीप्रमाणे वागायला कोणत्याही अर्जाची गरज नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती.

घरी कधी सांगायचे, हा सर्वांत नाजूक प्रश्न. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला आधी न सांगता. लक्ष्मीबाईंना ही बातमी दुसऱ्यांकडून कळली. त्या धक्क्याने त्यांची काय दशा झाली, ते 'स्मृतिचित्रे'त वाचवत नाही. टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की तसे करू नका. आई-वडिलांना, नवऱ्याला किंवा बायकोला तुमच्या तोंडून, सर्वांत आधी कळू दे. लग्नकार्यात किंवा सणाच्या दिवशी हा विषय काढू नका. ते रागावून बोलले तर ऐकून घ्या. तुम्हाला पटायला दोन वर्षे लागली असतील, त्यांना एका संध्याकाळी पटावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

टिळकांकडून शिकण्यासारखे ते त्यानंतरचे वागणे. पत्नी परत आली तेव्हा तिचे सोवळे, तिची वेगळी चूल त्यांनी चालू दिली, तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जोडीदार विश्वासणारा नसेल आणि एकत्र राहायला तयार असेल, तर त्याला सोडू नये, असे पौलानेही करिंथच्या मंडळीला कळवले होते. घरात गणपती बसत असेल तर पूजेला बसणार नाही, हे नम्रपणे सांगा. पण पाहुण्यांचा स्वयंपाक, बाजारहाट, सासूबाईंना रांगेत तिष्ठायला न लावता भाजी आणून देणे, वीजबिल आणि खर्चातला वाटा यांतून अंग काढून घेऊ नका. त्या आठवड्यात तर नेहमीपेक्षा थोडे जास्तच काम करा, आणि रात्री उशिरापर्यंत भांडी पडली असतील तर ती घासायला तुम्हीच आधी उठा.